धडधाकट दिसतेस की!

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, झालेल्या तरुणीला हे वाक्य लोकलच्या दिव्यांग डब्यात ऐकावं लागतं, ऑफिसात ऐकावं लागतं, घरातही चुकत नाही. म्हणणाऱ्याच्या मनात कौतुक नसतं, संशय असतो.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिन या आवरणावरच तुटून पडते. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीत गाठतो, पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून जास्त. नजर धूसर होते, पायांना मुंग्या येतात, लघवीवर ताबा राहत नाही. पण बऱ्याच जणी आधी सांगतात तो थकवा. रात्रभर झोपूनही न जाणारा, आंघोळ केली की पुन्हा आडवं पाडणारा. त्याला आळस म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

त्यात आपला उन्हाळा. आवरण झिजलेल्या तंतूंमधून जाणारा संदेश शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी अडखळू शकतो. जागतिक एमएस दिन ३० मे रोजी येतो. तेव्हा नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. तिथल्या एमएसच्या रुग्णाला एसी ही चैन नाही, उपचाराइतकीच गरज आहे. वीज गेली की तिचे पायही जातात, निदान अंग गार होईपर्यंत.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत एमएसचं नाव घेतलं, हे चांगलंच झालं. पण आरक्षणासारखे लाभ ४० टक्के दिव्यांगत्वापासून पुढे. टक्के मोजायचे कुठल्या दिवशी? बऱ्याच जणांत हा आजार झटक्यांनी येतो आणि ओसरतो. मार्चमध्ये जिना चढणारी बाई जूनमध्ये भिंत धरून चालते. डॉक्टरांची प्रचलित मोजपट्टी, ईडीएसएस, वरच्या टप्प्यांवर मुख्यतः चालणंच मोजते. थकव्याला, विसरभोळेपणाला तिच्यात फारशी जागा नाही, आणि नोकऱ्या सुटतात त्या बहुतेकदा याच दोन गोष्टींपायी.

औषधं महाग आहेत, ती लढाई वेगळी आणि मोठी. पण दुपारी अर्धा तास पडायला एक खोली, स्वच्छतागृहाजवळचं टेबल, एप्रिल-मेमध्ये घरून काम, यासाठी कुठल्या कंपनीचं दिवाळं निघणार आहे? एचआरवाल्यांनी प्रमाणपत्राची वाट न पाहता हे द्यावं. आणि दिव्यांग डब्यात बसलेल्या मुलीला कुणी ‘कार्ड दाखव’ म्हणून दरडावलं, तर शेजारच्यांनी गप्प बसू नये.