ग्रॉस, टेअर, भाई

भाई भेटले की ‘बरे आहात ना?’ असं विचारत नाहीत. समोरच्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, ‘ब्याऐंशी?’ लग्नमंडपात विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. एकदा तर वास्कोतल्या बायण्यात कुणाच्या तरी बाराव्याला, घरच्यांचं सांत्वन करून झाल्यावर, गेलेल्या माणसाच्या थोरल्या मुलाला त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं, ‘दोनेक किलो उतरलात.’ रागवायची सोय नसते, कारण त्यांचा अंदाज बहुधा बरोबर निघतो.

घरच्या घरी, पदरचा पैसा न घालता वजन उतरवायला निघालेला असा एक माणूस वास्कोच्या प्रत्येक वाड्यावर असतो. निघालेला, पोचलेला अजून कुणी पाहिलेला नाही. जिमची फी ऐकून त्याला घाम फुटतो आणि तेवढ्या घामात आजचा व्यायाम झाला असं तो धरून चालतो. भाई या जमातीतले, पण त्यांची एक खोड इतरांत नाही. त्यांना वजन उतरवण्यापेक्षा वजन करण्यातच जास्त रस आहे.

सुरुवात सरकारी दवाखान्यात झाली. डॉक्टरीणबाईंनी कमरेभोवती टेप फिरवली आणि समजावलं, की आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी, बाईची ८०च्या. आणि बीएमआय पाश्चात्त्यांसारखा तिशीला नव्हे, पंचविशीलाच लठ्ठपणात धरतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के, हेही त्यांनी सांगितलं. भाईंनी त्यातलं ‘गोवा पहिला’ एवढंच उचललं आणि पुढचे आठ दिवस ते असं सांगत फिरले, जणू संतोष ट्रॉफी घरी आली होती. उंची पाच फूट सहा इंच, वजन ८४. पंचविशीच्या आत यायचं तर सत्तरवर उतरायला हवं. भाईंनी मनात वजाबाकी केली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, ‘चौदा किलो. म्हणजे एक सिलिंडर!’ घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तेव्हापासून अंगावरच्या चरबीला भाई ‘सिलिंडर’च म्हणतात. ‘सिलिंडर अजून भरलेलाच आहे,’ असं ते जिना चढताना धापा टाकत सांगतात आणि नवा शेजारी घाबरून खिडक्या उघडतो.

खर्चाची मर्यादा शून्य. मार्च २०२५ मध्ये वजन उतरवायचं मौंजारोचं इंजेक्शन भारतात आलं तेव्हा सर्वांत लहान मात्रेची कुपी ३,५०० रुपयांना होती आणि आठवड्याला एक लागायची. भाईंनी पेपर खाली ठेवून हिशेब केला. ‘महिन्याला चौदा हजार! एवढ्यात मी अख्ख्या बिल्डिंगला इसवण खाऊ घालीन आणि सगळ्यांचं वजन वाढवीन.’

आणि घरात वजनकाटा नाही. तो विकत घेणं भाईंच्या तत्त्वात बसत नाही. गावात एवढे काटे असताना आपण आणखी एक का घ्यायचा? दवाखान्यात ते केसपेपर न काढता काट्यापुरते जातात. नर्सने ‘काय होतंय?’ विचारलं की म्हणतात, ‘काही नाही, फक्त वजन.’ भंगारवाल्याच्या काट्यावर ते रद्दीच्या आधी स्वतः उभे राहतात. खारीवाड्यावर मासळीच्या क्रेट तोलायच्या काट्यावर एका पहाटे उभे राहिले, तर कोळणीने त्यांच्याकडे बघून ‘ताजो ना!’ असा निकाल दिला. दाबोळी विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर उभं राहायची इच्छा आहे, पण आत जायला तिकीट लागतं, म्हणून ते राहिलंय. काट्यावर चढण्याआधी ते वजनमापे खात्याचा शिक्का तपासतात. तारीख उलटलेली दिसली की दुकानदाराला नियम समजावतात आणि तरीही वजन करून घेतात.

आकडा मात्र ते तसाच स्वीकारत नाहीत. शर्टाच्या खिशात एक छोटी वही असते. तिच्यात तीन रकाने आहेत: ग्रॉस, टेअर, नेट. काट्याने दाखवलं ते ग्रॉस. कपडे, चप्पल, किल्ल्या आणि मोबाईल मिळून टेअर. ते वजा केलं की नेट, म्हणजे खरे भाई. गेल्या वर्षी जानेवारीत टेअर सव्वा किलो होतं. फेब्रुवारीत ग्रॉस पाऊण किलोने वाढलं. भाईंनी पट्टा जड आहे असं ठरवून टेअर दोन किलो केलं. नेट जागच्या जागी. मे महिन्यात आंबे झाले, टेअर पावणेतीन. पावसाळ्यात छत्री, रेनकोट आणि ‘कपड्यांतला दमटपणा’ मिळून टेअर साडेचार किलोंवर गेलं. भाईंचं नेट वजन वर्षभर एका ग्रॅमने वाढलेलं नाही. देशाची वित्तीय तूट अशीच आटोक्यात राहते असं त्यांचा बँकेतला मेहुणा म्हणतो, पण तो त्यांच्यावर जळतो.

ओळखीच्या ट्रकवाल्याने त्यांना एकदा बंदराच्या रस्त्यावरच्या मोठ्या काट्यावर उभं केलं, तो दिवस भाईंच्या आयुष्यात सोन्याचा. असले काटे ट्रक तोलतात, आकडा दहा-दहा किलोंच्या पायरीने बदलतो. भाई ८४ भरायचे. काट्याने ८० दाखवले. एका क्षणात चार किलो! छापील स्लिप त्यांनी पाकिटात ठेवली, वाड्यावर सगळ्यांना दाखवली. पुढच्या आठवड्यात ते टेअरसकट ८५ आणि थोडे ग्रॅम होते. काट्याने ९० दाखवले. ‘काटा बिघडलाय,’ भाई म्हणाले आणि ती स्लिप फाडली. पहिली अजून पाकिटात आहे.

आहाराचं म्हणाल तर महाराष्ट्रात दीक्षित की दिवेकर हा वाद पेटला तेव्हा भाईंनी दोन्ही बाजूंचे व्हिडिओ फुकटच्या वायफायवर पाहिले. ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं खायला सांगतात, त्यात सामान जास्त लागेल असं त्यांना वाटलं. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर उभी राहिलेली डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत मात्र पटली: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. सल्ल्याचे पैसे नाहीत. नाश्ता वाचतो. अडचण एवढीच, की पंचावन्न मिनिटांची मर्यादा भाईंनी हक्क म्हणून घेतली. पूर्वी दहा मिनिटांत जेवून उठणारा माणूस आता घड्याळ समोर ठेवून बसतो. त्रेपन्नाव्या मिनिटाला ‘अजून दोन मिनिटं आहेत’ म्हणून भात मागून घेतो. वहिनींना ओटा आवरता येत नाही. भाई याला ‘लोडिंग टाइम’ म्हणतात.

चालण्यासाठी ते सड्यावरच्या जपानी गार्डनला जातात. दहा हजार पावलं हा आकडाही जपानीच. १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मीटर’ अशा अर्थाचं ठेवलं आणि विक्रीसाठी निवडलेला तो गोल आकडा जगभर वैद्यकशास्त्र म्हणून पसरला. हे कळल्यावर भाईंनी लगेच सहा हजारांवर तडजोड केली. साडेचार किलोमीटरमध्ये त्यांच्यासारख्या वजनाच्या माणसाच्या अडीचशे ते तीनशे कॅलरी जळतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. म्हणजे सबंध सिलिंडर नुसत्या चालण्याने रिकामा करायचा तर वर्षभर किंवा त्याहून जास्त, तेही वाटेत न थांबता. भाई थांबतात. उतरताना भाजी-पाव आणि वर एक मिरची भजी घेतली की सकाळचा सगळा हिशेब भागतो, कधीकधी थोडं देणंही राहतं. याचे पैसे ते आहाराच्या खात्यात धरत नाहीत, प्रवासखर्चात धरतात.

शिवाय वास्कोची हवा. चालून आल्यावर भाई किलोभर कमी भरतात आणि खूश होतात. तो घाम असतो. घरी येऊन दोन तांबे पाणी आणि वाटीभर सोलकढी घेतली की किलो परत. ‘म्हणून वजन नेहमी सोलकढीच्या आधी करावं,’ असा सल्ला ते लोकांना देतात.

श्रावणात श्री दामोदराचा भजनी सप्ताह आला की मग तर विचारूच नका. नाव सप्ताह, अखंड भजन चोवीस तासांचं, आणि भोवतालची दुकानांची फेरी कितीतरी दिवस. गेल्या वर्षी भाईंनी रात्रभर उभं राहून टाळ वाजवल्याच्या कॅलरी मोजल्या. पहाटे खाज्याच्या दुकानाशी गेले. खाजेवाल्याने पाव किलो तोललं. भाईंनी पारडं पाहिलं, पुडी हातात घेऊन क्षणभर झेलली आणि म्हणाले, ‘दहा ग्रॅम कमी आहे.’ पुन्हा तोललं. बारा ग्रॅम कमी होतं. खाजेवाल्याने निमूटपणे मूठभर जास्त घातलं, आणि ते जास्तीचं भाईंनी तिथेच उभ्याने खाल्लं. हक्काचं म्हणून.

इतकं अचूक तोलणारा हात कुठून येतो, हा प्रश्न वास्कोत सहसा कुणी विचारत नाही.

भाई मूळचे डिचोली तालुक्यातले. खाणपट्ट्यात त्यांचा ट्रक होता, कर्जावर घेतलेला. खाणीवरून माती भरायची, मांडवीच्या काठच्या जेटीवर टाकायची. तिथून बार्ज मुरगाव बंदरात न्यायची. गोव्यात या लोखंडाच्या खनिजाला मातीच म्हणतात. दर खेपेला काट्यावर दोनदा: भरून एकदा, रिकामं एकदा. ग्रॉस, टेअर, नेट. नेटचे पैसे. त्या काळात भाई बासष्ट किलो होते. ताडपत्री बांधायची, टायर बदलायचे, जेवण मिळेल तेव्हा आणि मिळेल तेवढं. चीनला माती हवी होती तोवर रात्रंदिवस खेपा चालल्या. मग सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. मधे थोडं सुरू झालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चमध्ये सगळं पुन्हा बंद. त्या खाणींनी डोंगरांचं आणि शेतांचं काय केलं हे भाई नाकारत नाहीत. त्यांच्या सासऱ्यांच्या शेतातही तांबडा चिखल उतरला होता. पण हप्ता तर हप्ताच. ट्रक परसात गंजला आणि शेवटी भंगारात गेला, तोही किलोवर. त्या दिवशीच्या स्लिपवर टेअरचा रकाना कोराच होता. वजा करायला काही नव्हतं, टेअरच विकायला काढलं होतं.

मग वास्को. एका गेटवर रखवालदाराची रात्रपाळी, बारा तास खुर्चीत. सिलिंडर तिथे भरला. जपानी गार्डनमधून खाली समुद्र दिसतो, तिथे बार्ज दिसली की भाई थांबतात. पाण्यात ती किती बुडलीय ते बघून आत किती माल असेल ते सांगतात. सोबतच्याला बिचाऱ्याला पावलं मोजायची असतात.

एवढ्या सगळ्या गडबडीत घरातली एक गोष्ट भाईंच्या वहीत आलीच नाही. वहिनींनी तेलाचा डबा महिनाभराऐवजी दीड महिना पुरवायला सुरुवात केली होती. रव्यात तळलेल्या बांगड्याऐवजी हुमण, त्यातही नारळ अर्धा. सकाळी उकड्या तांदळाची पेज नाहीतर नाचण्याचं तिजान, रात्री कुळथाची पिठी आणि एक पोई, आठवड्यातून दोनदा शेवग्याच्या पाल्याची भाजी, पाला मागच्या झाडाचा. यातलं काहीच महाग नाही, आणि घरात सगळे तेच खात होते. फरक एवढाच, की वहिनी त्यावर भाजी-पाव खात नव्हत्या, आणि नळाला पाणी नसेल तेव्हा कळशा तिसऱ्या मजल्यावर त्याच चढवत होत्या.

परवा दोघं बाजारात पंचवीस किलोंचं उकड्या तांदळाचं पोतं आणायला गेले. ‘या भाई, काटा मोकळा आहे,’ दुकानदार म्हणाला. भाई चढले, ग्रॉस लिहिलं, टेअर पाच किलो धरलं. मग दुकानदाराने वहिनींना आग्रह केला. हातातली पिशवी घेऊनच त्या चढल्या. ५८.४०. मागच्या वर्षी आरोग्य शिबिरात त्या पासष्ट होत्या.

भाई बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिले. शिक्का तपासला, चालू वर्षाचा होता. मग सवयीने वही उघडली. ‘ग्रॉस अठ्ठावन्न-चारशे. साडी, चप्पल, पिशवी मिळून दोन किलो. मंगळसूत्र थोडं धरू. बांगड्या...’

‘सोन्याच्या बांगड्या धरू नका,’ वहिनी म्हणाल्या. ‘त्या ट्रकाच्या हप्त्यात गेल्या.’

भाईंनी टेअरच्या रकान्यावर आडवी रेघ मारली. ‘ग्रॉसच लिहितो,’ ते म्हणाले.

‘लिहा. आणि ते पोतं उचला आधी, मागे लोक थांबलेत.’