दिंडीची वर्गणी आणि घरची पंगत

पंढरपूरला पायी जाणाऱ्या दिंडीसाठी पैसा उभा करण्याची औंढा नागनाथ परिसरातली रूढ रीत म्हणजे घरची बैठक. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरले की लोक मागच्या दाराने शेतात जातात. घरी जेवायला बोलावले की समोरच्या दाराने येतात. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी दरवर्षी याच वाटेने पंढरीला जाते आणि संत नामदेवांचे नरसी याच हिंगोली जिल्ह्यात आहे. त्यामुळे दिंडीला नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. 'बघू' म्हणायची मात्र सगळ्यांची होते.

बैठकीचा काळ पिकावर ठरतो. आषाढी जून-जुलैत येते. पेरणीचे बियाणे-खत दारात उभे असते, पण त्याआधी हळद विकलेली असते. हिंगोलीच्या हळद बाजाराला नामदेवांचेच नाव आहे; तिथल्या विक्रीची पट्टी हातात पडल्यापासून ती बियाण्यात जाईपर्यंतचे मोजके दिवस वर्गणीस उत्तम समजले जातात. भाव चढा असला तर मंडळी 'माल अजून घरातच आहे' म्हणतात, पडला तर 'कशाचं काय' म्हणतात. मधला भाव आजवर कुणी कबूल केलेला नाही. खर्च वाचावा म्हणून एकादशीच्या दिवशी बैठक घेणारा यजमान नवखा समजावा. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी आणि राजगिऱ्याचे लाडू मिळून बुंदीच्या पंगतीपेक्षा महाग पडतात, आणि उपवासाला खाल्ले जाते तेही दुप्पट.

पहिला बेत नेहमी 'नुसता चहा' असा असतो. चहाबरोबर काहीतरी हवे म्हणून सुशीला ठरतो: मुरमुरे भिजवून, पिळून, हिरवी मिरची आणि दाण्याच्या कुटाची फोडणी दिलेला, मराठवाड्यातला स्वस्त आणि पोटभरीचा पदार्थ. मग थोरल्या जाऊबाई विचारतात, "माळकरी माणसं घरी येणार अन् मुरमुऱ्यावर बोळवण करता व्हय?" तिथून शिरा निघतो, शिऱ्यामागे भजी, आणि चुलीवर मोठे पातेले चढलेच आहे तर वरण-भात, वांग्याची भाजी अन् बुंदी होऊन जाते. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या चार घरांची ताटे गोळा झालेली असतात, प्रत्येकाच्या पाठीवर मालकाचे नाव कोरलेले. हा खर्च दिंडीच्या वहीत लिहायचा नसतो. त्याला यजमानाची सेवा म्हणतात, आणि कित्येकदा तीच सगळ्यांत मोठी वर्गणी ठरते.

हरिपाठ झाला, पंगत उठली की वही निघते. जेवणाआधी वही काढणे असभ्य, आणि पान-सुपारीनंतर काढणे मूर्खपणाचे. तोवर निम्मे लोक चपला शोधत असतात. पहिले नाव कुणाचे घ्यायचे याला फार महत्त्व आहे. पहिला आकडा एकशे एक पडला तर पुढचे सगळे त्याच पायरीवर बसतात. म्हणून जाणता दिंडीचालक एकाला आधीच पढवून ठेवतो आणि तो उठून पाच हजार एक बोलतो. ते तो देतोच असे नाही. त्याचे काम बोलण्यापुरते. मोबाइलवर पैसे घ्यायची सोय आल्यापासून 'सुट्टे नाहीत' ही सबब बाद झाली. तिची जागा 'रेंज नाही' हिने घेतली आहे.

औंढ्याच्या नागनाथाच्या देवळामागे नंदी का, याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी मागे जायला लावले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, नंदी तेवढा जागेवर राहिला. प्रत्येक बैठकीत त्या नंदीसारखा एक गृहस्थ असतोच. सगळी आळी फिरली तरी तो हलत नाही, आणि बुंदी मात्र दोनदा घेतो.

मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारे लोक आपल्या धावण्यावर एखाद्या संस्थेसाठी देणग्या जमवतात. दिंडीचा हिशेब उलटा चालतो: जमलेले पैसे चालणाऱ्यांच्याच पोटात जातात. टेम्पोचे भाडे आणि डिझेल, राहुट्या, ताडपत्री, आचारी, गॅस, पाण्याचा टँकर आणि वाटेत कुणाचे पाय फुटले तर मलम. धान्य सहसा विकत घ्यावे लागत नाही. पैसे द्यायला कचरणारा माणूस गव्हाचे पोते सहज उचलून देतो, कारण पोत्याला आकडा नसतो आणि ते टेम्पोवर चढताना सगळ्यांना दिसते.

पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की दिंडी परतते आणि त्याच घरी पुन्हा बैठक बसते, या वेळी खरोखर नुसत्या चहावर. जमाखर्च मोठ्याने वाचला जातो. ज्यांनी दिले त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण होते. बोललेले पाच हजार एक रुपये मागच्या बाकीसह पुढच्या ज्येष्ठाच्या पानावर ओढले जातात.