एवढा महिना काढतो

वाकड, बाणेर, खारघर किंवा घोडबंदर रोड. चारशे फ्लॅटच्या कुठल्याही सोसायटीत जा. क्लब हाउसच्या मागे, जनरेटरच्या आवाजात बुडालेल्या एका चिंचोळ्या खोलीत तो बसलेला असतो. गळ्यात एजन्सीचं ओळखपत्र, टेबलावर दोन मोबाइल, दोन्ही वाजताहेत. "कसं चाललंय?" म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं : "एवढा महिना काढतो, मग बघतो." हा सोसायटीचा नवा मॅनेजर.

येतो तो बहुधा हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमधून, नाहीतर लष्करातून निवृत्त होऊन. हॉटेलवाल्याला वाटतं, इथं निदान रोज नवं गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक कधीच चेकआउट करत नाही, हेच इथलं दुखणं आहे, ते त्याला आठवडाभरात उमगतं. फौजीला वाटतं, शिस्त लावू. पहिल्याच रविवारी तो आडव्या लावलेल्या गाडीच्या चाकाला जॅमर ठोकतो. गाडी खजिनदारांच्या जावयाची निघते.

चार्ज म्हणून त्याला मिळतो एक ड्रॉवर. आधीचा मॅनेजर अचानक गेलेला. ड्रॉवरमध्ये श्रीखंडाचा रिकामा डबा आणि डब्यात किल्ल्या. काहींना सुतळीने पुठ्ठ्याचे तुकडे बांधलेले. एकावर 'टेरेस', दुसऱ्यावर 'टेरेस जुनी', तिसऱ्यावर 'टेरेस नक्की' आणि चौथ्यावर नुसतंच 'ही नाही'. पंप रूमची किल्ली त्यात नसतेच. ती प्लंबरकडे असते आणि प्लंबर गावी गेलेला असतो. मग तो आधीच्या मॅनेजरला फोन लावतो. तो उचलतो, अगदी आपुलकीने बोलतो, कारण तो रस्त्यापलीकडच्याच सोसायटीत लागलेला असतो आणि तिथल्या किल्ल्यांसाठी त्यालाही कोणाला तरी फोन करायचा असतो.

माणसांची नावं याच्या लक्षात राहत नाहीत, फ्लॅट नंबर राहतात. "बी-७०४ चिडलेत", "ए-११०२ ची मुलगी पास झाली, पेढे आलेत" अशी त्याची भाषा होते. बी-७०४ म्हणजे उपविधींचं पुस्तक पेन्सिलीने खुणा करून वाचलेले निवृत्त गृहस्थ. त्यांच्याकडून मॅनेजरचं शिक्षण होतं. पहिल्या मजल्यावरचे म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरत नाही, खर्च का द्यायचा? उपविधी म्हणतात, वापरा किंवा वापरू नका, त्या इमारतीतल्या सगळ्यांनी सारखाच द्यायचा. पाण्याचा आकार घरातल्या नळांची संख्या आणि आकार यांवरून. थकबाकीवर सरळ व्याज. हे शेवटचं वाक्य मॅनेजर एकदाच, तेही हळू आवाजात उच्चारतो. सभेत सगळ्यात मोठा आवाज थकबाकीदाराचाच असतो, एवढं त्याला तोवर समजलेलं असतं.

आणि पाणी. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड येऊ लागलं. बिल्डरच्या माहितीपत्रकात स्विमिंग पूल असतो, टँकर नसतो. मे महिन्यात मॅनेजरची सकाळ गेटवर सुरू होते. दहा हजार लिटरचा म्हणून आलेला टँकर खरोखर भरलेला आहे का, हे तो टाकीवर चढून बघतो. वॉचमनच्या वहीत टँकर सहा, खजिनदारांच्या बिलात आठ, आणि रहिवाशांच्या ग्रुपवर एकच ओळ : 'पाणी का नाही?' खाली तेहतीस जणांचे अंगठे.

अशा एका सकाळी तो राजीनामा लिहितो. छान लिहितो, 'वैयक्तिक कारणास्तव' हा शब्दप्रयोग त्याच्यासाठीच जन्माला आला असावा. पण द्यायचा कोणाला? चेअरमन म्हणतात, सेक्रेटरींना द्या. सेक्रेटरी म्हणतात, कमिटीत ठेवू. कमिटीची सभा कोरमअभावी तहकूब होते. शेवटी एजन्सीच्या साहेबांना फोन केला की ते म्हणतात, तुम्ही आमचे, सोसायटीचे नाहीच. एक महिन्याची नोटीस द्या आणि जमलं तर बदली माणूसही तुम्हीच बघा. राजीनामा मोबाइलमध्ये तसाच राहतो, दर महिन्याला फक्त तारीख बदलते.

मधेच समोरच्या सोसायटीतून बोलावणं येतं. पगार तीन हजारांनी जास्त. तो जाऊन बघतो. तिथंही ड्रॉवर असतो. तिथंही लिफ्टचा एएमसी संपलेला, एसटीपीचा वास चौथ्या मजल्यापर्यंत, आणि 'तुम्ही आल्यावर सगळं सुरळीत होईल' असं म्हणणारे प्रसन्न चेअरमन. हे वाक्य त्याने आधी ऐकलेलं असतं. तो चहा पिऊन परत येतो.

त्याच रात्री बी विंगचं पाणी जातं. प्लंबर अजून गावीच. हा टॉर्च घेऊन तळघरात उतरतो, गणपतीच्या मंडपाच्या फळ्या बाजूला करतो आणि आधीच्या दोन मॅनेजरांना न सापडलेला व्हॉल्व्ह त्याला सापडतो. पाणी येतं. ग्रुपवर आभार मानायला कोणी येत नाही. कोणीतरी विचारतं, पाणी गढूळ का आहे? पण वॉचमन उठून खुर्ची देतो.

थांबावं की जावं, असं त्याने मला विचारलंच तर मी सांगेन : पगार वेळेवर होतो का आणि चेअरमन-सेक्रेटरी एकमेकांशी बोलतात का, एवढंच बघ. दोन्ही असेल तर हलू नकोस. एकच असेल तर ते पगार असू दे. दोन्ही नसेल तर ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा होते, ती व्हायच्या आधीच निघ. नंतर हिशेबातल्या प्रत्येक फरकाला तुझंच नाव लागेल.

तो ऐकेल असं वाटत नाही. व्हॉल्व्ह सापडलेला माणूस सहसा जात नाही. तेव्हा तुमच्याकडे सध्या नवा मॅनेजर आला असेल तर या महिन्याचा मेंटेनन्स दहा तारखेच्या आत भरून टाका, आणि गाडी आपल्याच पट्ट्यात लावा.