कोबेवाले काका

काही घरांत काम चालू असतं, काही घरांत ते थांबलेलं असतं. दुसऱ्या प्रकारच्या घरात कोबेवाले काका राहतात. कोथरूडला दर दोन इमारतींमागे एक तरी सापडतात. निवृत्ती, फंडाचे पैसे, जुन्या मोझेक लाद्यांचा कंटाळा आणि मुलाच्या स्टुटगार्टच्या घरातली ओकची जमीन एवढं जमून आलं की झालं. लाद्या मे महिन्यात उखडल्या जातात. मिस्त्री गावाहून परतेपर्यंत मृग लागतो आणि नवा कोबा पडतो तो नेमका पहिल्या सरीच्या मुहूर्तावर.

आठवडाभर काका त्याला हौसेने पाणी मारतात. आठव्या दिवसापासून तेच पाणी बाहेर काढायच्या उद्योगाला लागतात.

ठेकेदाराच्या लेखी विषय संपलेला असतो. तो बुटाची टाच आपटून म्हणतो, "ऐका साहेब, खणखणीत! उद्या लाकूड टाकू." काकांचा चेहरा उजळतो, कारण आता व्याख्यान देता येतं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. पाण्यात बुडवून ठेवलं तरी होतं. ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी घातलंत, त्यातलं साधारण निम्मं सिमेंटने घेतलं, बाकीचं आत बसून आहे! जाडी ५० मिलिमीटर, दिवसाला एक मिलिमीटर, म्हणजे ५० दिवस, तेही हवा कोरडी असेल तर. आज लाकूड ठोकलंत की फळ्या खालून पाणी पिणार, फुगणार आणि कडा वर उचलणार. ठेकेदार "बरोबर आहे" म्हणतो आणि दुसऱ्या साइटवर निघून जातो, तो थेट नवरात्रात उगवतो. काकांचं म्हणणं अक्षरन् अक्षर खरं असतं, यात वाद नाही. पण खरं बोलणाऱ्याच्या घरच्यांना चार महिने स्वयंपाकघरात अंथरूण घालावं लागतं, हेही तितकंच खरं.

मग घरात आणीबाणी येते. हॉलच्या दाराला सुतळी. पाहुण्यांच्या छत्र्या जिन्यात. धुणं शेजारच्या गॅलरीत. कुकरची शिट्टी झाली की काका आर्द्रतामापकाकडे धावतात आणि आकडा चढला की काकूंकडे बघतात. खिडकीचा प्रश्न तर सुटता सुटत नाही. जुलैची पुणेरी हवा ८० टक्क्यांच्या खाली यायला तयार नसते. खिडकी उघडावी तर बाहेरचा दमटपणा आत, लावावी तर आतला कोंडलेला. काका तासातासाला मत बदलतात आणि दर मताला कारण देतात.

कोब्यावर प्लास्टिकचा चौकोन चारी कडांना पट्टी मारून चिकटवलेला असतो. दात घासण्याआधी त्याचं दर्शन. आतून थेंब दिसले की दिवसभर चेहरा सुतकी. दूधवाल्यालाही ते थेंब बघावे लागतात. एखादी मावशी म्हणते, "आमच्याकडे सकाळी सारवलं की दुपारी पंगत बसायची." मावशींना पुन्हा चहा मिळत नाही.

ऑगस्टमध्ये मुलगा येतो, जर्मन उपकरण घेऊन. पोलादी बाटली, वर गेज. कोबा खरवडायचा, भुगा कुटून आत घालायचा, सोबत कॅल्शियम कार्बाइड. ओलाव्याशी गाठ पडली की गॅस होतो आणि त्याच्या दाबावरून टक्केवारी कळते. साध्या सिमेंटच्या कोब्यात दोन टक्क्यांच्या वर ओल असेल तर तिकडचा कारागीर लाकडाला हात लावत नाही. कार्बाइड विमानात चालत नाही, म्हणून काका वेल्डिंगवाल्याकडून पुडी आणतात.

"आंबे पिकवायचं ते?" काकू विचारतात. "मग जमीनही पिकेल एकदाची."

गणपती पॅसेजमध्ये बसतात आणि तिथूनच जातात. पितृपक्षात मापन बंद, कारण वाईट आकडा आला तर कोणाला बोलायचं? पुढे ऑक्टोबरचं ऊन, ज्याला अख्खं पुणं नावं ठेवतं, ते काका दारं-खिडक्या सताड उघडून घरात घेतात. अखेर काटा दोनच्या खाली येतो. काका तीनदा मोजतात, काकूंना साक्षीला बोलावतात आणि सुतळी सोडायच्या आधीच सुताराला फोन लावतात.

सुतार राजस्थानात, दिवाळीला गावी. महिन्याभराने येणार.

"साहब, जल्दी क्या है," तो म्हणतो, "और थोडा सूखने दो."