चार मीटरच्या आतली मते

सरकारी पैशाची उधळपट्टी नदीच्या पलीकडे होते. अलीकडे होतात ती विकासकामे. नरसिंहपुरात हा नियम चटकन पटतो, कारण गावाला पलीकडेच फार. पुणे जिल्हा इंदापूर तालुक्याच्या या टोकाला संपतो. नीरा आणि भीमा इथे एकत्र येतात. नीरेपलीकडे माळशिरस, भीमेपलीकडे माढा, आणि दोन्ही तालुके सोलापूर जिल्ह्यातले. लक्ष्मी-नृसिंहाच्या देवळाजवळच्या चहाच्या हॉटेलात या विषयावरची मते चार नमुन्यांत आढळतात : बागायतदार, निवृत्त गुरुजी, वडापवाला आणि कुलदैवताला पुण्याहून आलेला, कंपनीत असलेला पाहुणा.

खर्चाविषयीचे मत प्रथम पाहुणा मांडतो. कर आपण एकट्यानेच भरतो, ही त्याची ठाम समजूत असते.

पाहुणा : घाटावर, देवळावर एवढा सरकारी पैसा कशाला घालायचा? आमच्या टॅक्समधून जातो हा.

बागायतदार : पाव्हणं, पायऱ्या उतरून आत्ताच पाय धुवून आलात नव्हं?

पाहुणा : ते वेगळं. मी तत्त्वाचं बोलतोय.

गुरुजी : हे देऊळ सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांनी बांधलं, अठराव्या शतकात. तेव्हा टेंडर निघालं नव्हतं.

वडापवाला : म्हणूनच उभं हाय.

बागायतदार : खर्च करायचाच तर कालव्याच्या टेलला पाणी आणा म्हणावं.

गुरुजी : नीरा डावा कालवा इंग्रजांनी 1885 साली सुरू केला. टेलची तक्रार तेव्हापासूनची असणार.

बागायतदार : मग कालव्याला टेल ठेवलीच कशाला?

या प्रश्नाला पाटबंधारे खात्याकडे उत्तर नाही. मात्र माणूस कालव्याच्या कोणत्या टोकाला राहतो हे कळले की सरकारविषयीचे त्याचे मत विचारावे लागत नाही. हेडचा शेतकरी नियोजनाची तारीफ करतो, टेलचा शेतकरी मोर्चा काढतो. दोघांची जमीन बदलून दिली तर मतेही सातबाऱ्याबरोबर बदलतील.

संशोधनाविषयीचे मत याहून सरळ असते. जे दूर चालते आणि वर्तमानपत्रात छापून येते ते संशोधन. जे शेतात येते ते कोणा नातेवाइकाने दिलेले असते.

बागायतदार : चंद्रावर उतरायला सहाशे कोटी! हितं डीपी जळून महिना झाला.

गुरुजी : 615 कोटी. यान 23 ऑगस्ट 2023 ला उतरलं. देशाच्या लोकसंख्येनं भागलं तर माणशी साडेचार रुपयेसुद्धा पडत नाहीत.

बागायतदार : मग माझं साडेचार परत द्या.

वडापवाला : त्यात चहा बी येत न्हाय, आबा.

(बागायतदाराचा मोबाइल वाजतो.)

पाहुणा : कोणाचा मेसेज?

बागायतदार : उसाचा. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचं ते एआय. कुठल्या पट्ट्याला पाणी कमी पडलंय ते सांगतं.

गुरुजी : त्याला कसं कळतं?

बागायतदार : वरनं बघतं.

गुरुजी : वरनं म्हणजे?

बागायतदार : उपग्रह. पण त्यो कामाचा हाय.

उसाच्या वाणाचीही हीच गत. को 86032 हा वाण कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत तयार झाला. नीरेच्याच खोऱ्यात पाडेगावला 1932 पासून ऊस संशोधन केंद्र आहे. तिथल्या चाचण्यांनंतर 1996 मध्ये तो महाराष्ट्रासाठी ‘नीरा’ या नावाने प्रसारित झाला. एका वाणामागे वर्षानुवर्षांची निवड असते : हजारो रोपांतून गोडी, वजन, रोग आणि खोडवा पाहून बहुतेक रोपे टाकून दिली जातात. एवढे सारे होऊन बेणे बांधावर येते, आणि ते कुठून आले असे विचारले तर बागायतदार ‘मेहुण्याकडून’ असे सांगतो. हे खोटेही नाही. सरकारी संशोधनाचे श्रेय महाराष्ट्रातल्या मेहुण्यांनी जितके घेतले तितके पुढाऱ्यांनाही जमलेले नाही.

बारामतीजवळ माळेगाव खुर्दला 2009 पासून अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे. दुष्काळ, उष्णता, क्षारपड जमीन हे तिचे विषय. उसाला पाटाने मोकाट पाणी देऊन रान चोपण करून घेतलेल्यांनी तिथे एकदा जायला हरकत नाही, पण बहुतेकांना तिचा फलक गाडीतून जातानाच दिसतो. त्यामुळे गाडीकडे वळणे क्रमप्राप्त आहे.

गाडीविषयी मत नसलेला माणूस या तालुक्यात सापडत नाही. त्याच्याकडे गाडी असलीच पाहिजे असे नाही. चर्चा ॲव्हरेजपासून सुरू होते.

वडापवाला : कंपनी म्हणती चोवीस, गाडी देती सतरा. कुठनं आणत्यात हे आकडे?

पाहुणा : पुण्यातून. वेताळ टेकडीवर गाड्या तपासणारी एआरएआय संस्था आहे, 1966 पासून. तिथं चाकं रोलरवर फिरवून मोजतात.

वडापवाला : गाडी जागेवरच?

पाहुणा : जागेवरच.

वडापवाला : एसी?

पाहुणा : बंद.

वडापवाला : म्होरं उसाच्या दोन ट्रॉल्या?

पाहुणा : प्रयोगशाळेत कशा येतील?

वडापवाला : मग चोवीसच का? चाळीस द्यायला पायजे तिनं.

गाडी किती लांब असावी हे मात्र ग्राहक ठरवत नाही. 2006 च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत दिली. कंपन्यांनी पट्टी घेतली. 2012 मध्ये डिझायरची डिकी आखडून गाडी 3,995 मिलिमीटरवर आणली गेली. लग्नाच्या बॅगा तेव्हापासून मांडीवर येतात. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा गाड्यांवर 18 टक्के जीएसटी आहे, मोठ्यांवर 40.

बागायतदार : स्कॉर्पिओशिवाय शोभा न्हाय.

गुरुजी : तिला 40 टक्के. म्हणजे 140 टनांचं बिल गाडीला घातलं तर 40 टन सरकारच्या काट्यावर.

बागायतदार : 40 टन! 3,550 रुपये टनानं?

गुरुजी : तो एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, सव्वादहा टक्के उताऱ्याला. त्यातून तोडणी-वाहतूक वजा.

बागायतदार : आणि त्या पैशात रस्ता माळशिरसात करणार!

पाहुणा : मग बोलेरो घ्या. 18 टक्के.

बागायतदार : ह्याला म्हणत्यात सरकारनं शेतकऱ्याचा विचार केला.

गाडी बोलेरोच ठरते. लांबी 3,995 मिलिमीटर, इंजिन पंधराशेच्या आत, पासिंग बारामतीचे, एमएच 42. टेकडीवरचा आकडा शोरूममध्ये कोणी विचारत नाही. ॲव्हरेज मेहुण्याला फोन करून विचारले जाते.