रीतीसह उत्तर

म्युनिक, जूनअखेर

तीर्थरूप बाबांस,


तुमचं पत्र आणि सोबतची यादी पोचली. चौदा दिवसांत अकरा ठिकाणं: लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, कलोन, झुरिक, टिटलिस, वॅटन्स, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम. यादी तुमच्या अक्षरात असली तरी तिचं मूळ रविवारच्या पुरवणीत आहे, हे वॅटन्सवरून कळलं. ऑस्ट्रियातल्या त्या गावात काचेच्या खड्यांचं एक चकचकीत प्रदर्शन आहे आणि आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या बसगाड्या तिथे नेमानं थांबतात. सांगलीतला निवृत्त गणित शिक्षक आपणहून वॅटन्स सुचवणार नाही. असो. उत्तर नुसतं लिहू नये, रीत दाखवावी, गुण रीतीला असतात, ही तुमचीच शिकवण. म्हणून आमचं उत्तर आधी सांगते आणि मग रीत मांडते. उत्तर आहे चार गावं आणि तेरा रात्री: व्हिएन्ना चार, ल्युब्लियाना तीन, व्हेनिस तीन, बोल्झानो तीन. ओवी अठरा वर्षांची आहे आणि ईशान सोळाचा. या वयाच्या मुलांना घेऊन फिरताना गावं वाढवली की सहल लहान होते, एवढंच मला सिद्ध करायचं आहे.

पहिली पायरी तासांची. जेवण, झोप, आंघोळ वजा जाता दिवसाला बारा तास हाती राहतात असं धरा. चौदा दिवसांचे झाले १६८ तास. आता एक मुक्काम हलवायला काय लागतं ते पाहू. सकाळी दहा-अकराच्या आत खोली सोडायची आणि पुढची खोली दुपारी तीनच्या सुमारास मिळायची. मधल्या वेळात चौघांचं सामान भरायचं, एका चार्जरचा शोध घ्यायचा, स्टेशन गाठायचं, गाडीचा प्रवास करायचा, नव्या गावात घर शोधायचं, किल्लीच्या पेटीचा आकडा दोनदा चुकवायचा. यात सहा तास जातात, आणि हे मी हात राखून धरलेत. अकरा ठिकाणं म्हणजे घरी परतणं धरून बारा हालचाली, म्हणजे ७२ तास. उरले ९६, एका ठिकाणाच्या वाट्याला पावणेनऊ तासही नाहीत. चार गावं म्हणजे पाच हालचाली, म्हणजे ३० तास. उरले १३८, एका गावाला साडेचौतीस तास, जवळजवळ चौपट. तुमच्या भाषेत सांगायचं तर गावांची संख्या अंशात नसते, ती छेदात असते. सहल कंपनी ती अंशात लिहून दाखवते आणि आपण टाळ्या वाजवतो. लंडनचं तर गणितच वेगळं आहे. जर्मनीच्या निवास परवान्यावर आम्हाला शेंगेन देशांत १८० दिवसांतले ९० दिवस व्हिसाविना फिरता येतं, पण इंग्लंड त्यात नाही. आपल्या पासपोर्टवर तिथला व्हिसा वेगळा काढावा लागतो, आणि त्याचे कागद जमवणं हाच एक बारावा मुक्काम आहे.

यावर तुमचा पहिला आक्षेप मला इथूनच ऐकू येतो: ‘एवढे पैसे घालून चारच गावं? शेजारचे लोक विचारतील.’ शेजाऱ्यांचा आक्षेप योग्य आहे, पण तो मोजणीचा आहे, सहलीचा नाही. सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्या पाहुण्याचं खुद्द गावाला काय वाटतं तेही पाहा. व्हेनिसनं २०२४ पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. रात्री मुक्काम करणाऱ्याला ते माफ आहे. जत्रेतल्या देवानं रांगेतल्या भाविकाला दर लावावा आणि गावात उतरलेल्याला सोडावं, तसा हा प्रकार. शिवाय त्या शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. चाकांची मोठी बॅग घेऊन दुपारच्या उन्हात तिथे शिरणारा माणूस पहिल्या पुलापर्यंत प्रवासी असतो, पुढे हमाल. येताना-जाताना ही हमाली करून मधे तीन रात्री पाय पसरावेत, की एकाच दिवसात ती दोनदा करावी, याला रीत दाखवायची गरज नाही.

‘पण प्रवासातले तास फुकट कसे? खिडकीतूनही दिसतंच की,’ असं तुम्ही म्हणाल. हे मी अर्धं मान्य करते, म्हणूनच आमचे पाचही टप्पे रेल्वेचे ठेवलेत. व्हिएन्नाहून ल्युब्लियानाला जाणारी गाडी सेमरिंगचा घाट चढते. तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते: बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ साली, सेमरिंगचा घाट खुला झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, आणि आपला बोरघाट १८६३ मध्ये. ४१ किलोमीटरच्या त्या घाटाचं काम १८४८ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्या चढावर गाडी ओढू शकेल असं इंजिनच कुणाकडे नव्हतं. कार्ल फॉन गेगा नावाच्या अभियंत्यानं रूळ टाकायला घेतले, आणि इंजिनांची स्पर्धा भरली १८५१ मध्ये. वरात निघाली आणि घोडा नंतर शोधला! १९९८ मध्ये हा मार्ग जागतिक वारशात गेला. असा एक प्रवास खिडकीशी बसून नीट करता येतो. असे बारा प्रवास केले की खिडकीशी फक्त डोकं टेकतं आणि तोंड उघडं पडतं.

आता दुसरी पायरी, आणि माझ्या मते खरी. आठ वर्षांचं मूल सामानासारखं नेता येतं, उचललं की निघालं. सोळा-अठराचं मूल सामान नसतं, ते विरोधी पक्ष असतं. विरोधी पक्षाला गप्प करण्याचा जगातला एकच खात्रीचा उपाय म्हणजे त्याला खातं देणं. म्हणून प्रत्येक गावाला एक कारभारी नेमला आहे: व्हिएन्ना ओवीकडे, बोल्झानो ईशानकडे, ल्युब्लियाना तुमच्या जावयाकडे म्हणजे मंदारकडे आणि व्हेनिस माझ्याकडे. कारभाऱ्यानं घर निवडायचं, गाडीची वेळ ठरवायची, जेवणाचा रोजचा खर्च ठरल्या रकमेत बसवायचा आणि बाकीच्या तिघांनी कुरकुर न करता मागून चालायचं. ओवीचं विद्यापीठ ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. त्यानंतर तिला दुसऱ्या शहरात खोली, भाडं, किराणा आणि चुकलेली गाडी हे सगळं एकटीनं सांभाळायचं आहे. चार रात्रींचं व्हिएन्ना ही त्याची रंगीत तालीम. पावणेनऊ तासांच्या मुक्कामात कारभार करता येत नाही, तिथे फक्त शिट्टी वाजवता येते. म्हणजे गावं कमी करणं ही हौस नव्हे, मुलांच्या हाती कारभार द्यायचा तर ती अटच आहे.

‘मुलांच्या हाती दिलं तर दुपारपर्यंत लोळतील,’ हा आईचा आक्षेप, तुमच्या पत्राच्या समासात तिच्या अक्षरात आहे. लोळतील हे खरं. पण या वयात मेंदूचं घड्याळ उशिरा सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं आणि झोप मात्र आठ ते दहा तास लागतेच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१४ मध्ये याच कारणानं शिफारस केली की मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आत भरवू नयेत. सहल कंपनीची बस मात्र साडेसातला निघते. पंचेचाळीस जणांच्या बसमध्ये ते चालतं, चौघांच्या कुटुंबात त्याचं रोज महाभारत होतं. त्यावर आमचा तोडगा दोन पाळ्यांचा: सकाळची पाळी मोठ्यांची, बाजार, चर्च, कॉफी. रात्रीची पाळी मुलांची. ऑगस्टच्या सुरुवातीला व्हिएन्नात सूर्य मावळतो साडेआठच्या आसपास, तेव्हा अकराला उठणाऱ्यालाही उजेड कमी पडत नाही. फक्त दुपारचं जेवण एकत्र, आणि त्याला हजेरी सक्तीची.

‘मग बघण्यासारखं राहून जाईल,’ हा पुढचा आक्षेप. उलट आहे. व्हिएन्नातल्या सरकारी संग्रहालयांत एकोणीस वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, म्हणजे आमची दोन्ही मुलं फुकट. यात पैशांपेक्षा मोठा फायदा असा की, तिकीट काढलं की ते ‘वसूल’ होईपर्यंत पोरांना दालनादालनातून ओढत न्यायची आपली जित्याची खोड सुटते. मुलानं आत जावं, ब्रॉयगेलच्या बाबेलच्या मनोऱ्यापुढे वीस मिनिटं उभं राहावं आणि बाहेर यावं. दुसऱ्या दिवशी वाटलं तर पुन्हा जावं. चार रात्री असल्या तरच ‘पुन्हा’ हा शब्द वापरता येतो. ईशाननं बोल्झानो निवडलं ते तिथे ठेवलेल्या ओट्झीसाठी. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा हा माणूस १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात, कपड्या-हत्यारांसकट सापडला. तो ऑस्ट्रियाचा की इटलीचा, यावर वाद झाला, मग रीतसर मोजणी झाली आणि तो इटलीच्या हद्दीत ९२ मीटर ५६ सेंटिमीटर आत निघाला. बांधावरचा तंटा इतक्या कमी काळात मिटलेला पाहायला तर आपल्या तालुक्यातून खास बस न्यायला हवी. तुमच्या यादीत बोल्झानो नव्हतं, हे ध्यानात घ्या. निवड मुलाची, आणि सगळ्या यादीत सर्वात जुना यजमान त्यानंच शोधला.

सुरक्षिततेचं म्हणाल, तर त्या १९९५ च्या सिनेमातल्या बापाची काळजी तुम्हालाही असणार, ज्याची मुलगी युरोपभर रेल्वेनं फिरायला निघते आणि गाडी चुकवते. गाडी चुकू शकते, म्हणूनच तर गावं चार. अकरा मुक्कामांत एक गाडी चुकली की गाव बुडतं, चारांत दोन तास बुडतात. आमच्या रेल्वे पासवर महिन्याभरात कोणतेही पाच दिवस प्रवास करता येतो, आणि ज्या गाड्यांना आरक्षण सक्तीचं नाही त्या घेतल्या की मागची गाडी आपलीच. २०१७ पासून युरोपीय संघात फोनला घरचाच दर लागतो, आणि तातडीचा आकडा सगळीकडे ११२, आपल्याकडच्यासारखाच. एक अडचण मात्र कायद्यानंच केली आहे: ऑस्ट्रियात सोळाव्या वर्षी बिअर चालते, स्लोव्हेनिया आणि इटलीत अठरा लागतात. दर सीमेला ईशानचं वय बदलू नये म्हणून घरचा कायदा एकच ठेवला आहे, आणि तो सांगलीचा आहे.

जेवणाची काळजी करू नका. प्रत्येक घराला स्वयंपाकघर आहे, आणि कारभाऱ्याला एक वेळ वरणभात करावाच लागेल. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला बंदी आहे, तेव्हा पेढ्यांचा आग्रह धरू नका. भडंग आणि शेंगदाण्याची चटणी मात्र कुणाबरोबर तरी जरूर पाठवा, त्यावर कोणत्याही सीमेवर वाद नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूनं लिहिते, नाहीतर रीत अर्धी राहील. तुम्ही आणि आई याल तेव्हा बसची सहलच बरी: सामान दुसरा उचलतो, जेवण वेळेवर मिळतं, भाषेची भानगड नाही. तेव्हा तुमची यादी चूक नाही, ती दुसऱ्या उदाहरणाचं उत्तर आहे. आणि आमच्या रीतीतही बाकी उरतेच. पॅरिस आणि रोम राहतात, त्याचं वाईट वाटतंच. पण ती दोन्ही शहरं कुठे जात नाहीत. जाणार आहे ती ओवी, ऑक्टोबरात.

तेव्हा रीत तपासा, चूक सापडली तर लाल शाईनं खूण करा आणि गुण कापा. गावं मात्र वाढवू नका.

आईला नमस्कार.

तुमची,
सुमी