सागरी सायकलवीर

सायकलने कोकण किनाऱ्यावरून गोव्याला जाणारा माणूस लांबूनही ओळखू येतो. वय पंचेचाळिशीच्या पुढे, घर ठाण्यात किंवा पुण्यात, आणि सायकलची खरी किंमत बायकोला सांगितलेल्या आकड्याच्या दुप्पट.

दौऱ्याच्या शेवटच्या दिवशी तो जास्तच हिशेबी होतो. वेंगुर्ल्यात सकाळी घावणे पुढ्यात आले की विचारतो, "यात प्रोटीन किती?" वाढणारी काकी म्हणते, "प्रोटीन नाय बाबा, रस आसा. व्हयो?"

आरवलीला वेतोबाच्या देवळात नवसाच्या चामडी चपला असतात, चांगल्या थोराड. देव रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्यांचे तळ झिजतात, अशी तिथली श्रद्धा. बाकीचे हात जोडतात. हा वाकून तळ न्याहाळतो आणि पुटपुटतो, "रोजचे किती किलोमीटर होत असतील!" पुढे शिरोडं. १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच गावात, झाडाखाली उभा राहून हा इलेक्ट्रॉलची पुडी बाटलीत ओततो.

टिंगल पुरे. नकाशात सपाट दिसणारा हा किनारा पायांना सपाट लागत नाही. प्रत्येक खाडीला खाली उतरायचं, तरीने किंवा पुलावरून पलीकडे जायचं आणि लगेच समोरचा सडा चढायचा. दाभोळ झालं की जयगड आहेच. हे सगळं याने स्वतःच्या मांड्यांवर केलेलं असतं, आणि तेही बॅकअप गाडीत एसी लावून वेफर्स खाणाऱ्या मेहुण्याच्या देखत.

खरा पेच पडतो तेरेखोलच्या फेरीबोटीत. मोबाइलवरचं अंतर मोजणारं स्ट्राव्हा चालू ठेवलं तर नदीचं अंतर फुकट पदरात पडतं, म्हणजे बेइमानी. बंद केलं तर नकाशावरची रेघ तुटते. बराच खल करून तो सचोटीने बंद करतो आणि केरीला उतरल्यावर चालू करायला विसरतो. हरमलला पोचल्यावर हे लक्षात येतं. चेहरा घर फुटल्यासारखा.

"आता?" मेहुणा विचारतो.

"परत केरी."

आणि तो खरोखर परत जातो. मोजला न गेलेला रस्ता त्याच्या लेखी झालेलाच नसतो. त्या दुसऱ्या फेरीत चढावर मागून पों-पों ऐकू येतं. पायात स्लिपर, मागे निळ्या प्लास्टिकखाली पावांची भलीमोठी टोपली, असा पदेर, म्हणजे पाववाला, गियर नसलेल्या सायकलवरून त्याला मागे टाकून निघून जातो. हा धापा टाकत म्हणतो, "त्याला वारा मागून होता." दोघं एकाच दिशेने चाललेले असतात.

पणजीत चर्चच्या पायऱ्यांसमोर सायकल डोक्यावर उचलून फोटो होतो. तो तुम्हीही पाहिलाच असेल.

सोसायटीच्या लिफ्टमध्ये हा भेटला तर अंतर विचारा, चढ विचारा, सरासरी वेग विचारा. तो खूश होईल. येताना कसे आलात, हे मात्र विचारू नका. सायकल टपावर बांधून तो मेहुण्याच्या गाडीतून आला, मागच्या सीटवर पालथा झोपून. बसणं शक्यच नव्हतं.